जखम बांधणारा कोण?

आमच्या वाटूरला विहारात अभ्यासवर्ग होता. विषय होता ‘आरोग्य आणि जात’. परतूर-मंठ्याकडून पोरं आली होती. बोलता बोलता एक पोरगा उठला आणि सरळ विचारता झाला, “मिशनवाल्यांनी आपल्या लोकांना दवाखान्यात घेतलं, शिवलं, बरं केलं. त्याला उपकार म्हणायचं का गळ म्हणायचा?”

झालं, दोन तट पडले. एक तट म्हणे, बाकीचे आपल्याला उंबऱ्यावर उभं करत नव्हते तेव्हा हेच लोक पुढं आले, विसरू नका. दुसरा म्हणे, औषधाच्या बाटलीला बायबल बांधलेलं होतं, हेही विसरू नका. चहा आला, पोरं पांगली, प्रश्न तसाच राहिला. तो दोन मिनिटांत उरकायचा प्रश्न नव्हता. म्हणून लिहितो आहे.

‘वैद्यकीय नीती’ म्हणून एक मोठा विषय आहे. मरण मागणाऱ्या रोग्याला मरण द्यावं का, गर्भ पाडावा का, एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवावं का, असे त्यातले प्रश्न. ख्रिस्ती विचारवंतांनी यावर ढीगभर लिहिलं आहे. त्यांचा पाया असा, की माणूस ही देवाची प्रतिमा आहे, देह देवानं दिलेला आहे, म्हणून त्या देहाशी कुणी मनाला येईल तसं वागू नये. हे प्रश्न खोटे नाहीत. पण आपल्या वस्तीत वैद्यकीय नीती याच्या फार अलीकडं सुरू होते. रोग्याला हात लावणार का, इथून ती सुरू होते.

माझी आजी सुईण होती. वाटूरच्या पंचक्रोशीत कुठं बाई अडली की रात्री-बेरात्री कंदील यायचा. पाटलाच्या वाड्यातूनही यायचा. एरवी ज्या ओसरीला आजीची सावली चालत नव्हती, त्या वाड्याच्या थेट आतल्या खोलीत तिला न्यायचे. पोटावर हात तिचा, लेकराच्या डोक्याला पहिला हात तिचा, नाळ कापणारा हात तिचा. लेकरू रडलं, वार पडली, की आजीनं मागच्या दारानं बाहेर व्हायचं. मागं खोली सारवली जायची, गोमूत्र शिंपडलं जायचं. पदरात वरून टाकलेली जवारी अन् एखादं जुनेर. आजी म्हणायची, “कळा येत्यात तवर बाई मह्या गळ्यात पडती. कळा थांबल्या की म्हारीन व्हते म्या.”

दोस्तांनो, या देशात स्पर्शाचं शास्त्र असं होतं. घाण, रक्त, वार, मढं, मेलेलं ढोर हे आमच्या हाताला. नाडी, औषध, मात्रा हे वरच्यांच्या हाताला. आमच्या हातात कसब होतं, पण त्याला विद्या म्हणायला कुणी तयार नव्हतं. आणि आम्ही आजारी पडलो तर वैद्य लांबूनच पुडी टाकायचा.

आता यात मिशनवाले आले. आपल्याच जिल्ह्यातलं बघा. नारायण शेषाद्री जन्मानं ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. १८६० नंतरच्या काळात स्कॉटलंडच्या चर्चच्या वतीनं ते जालन्याला आले. निजामाच्या राज्यात, जालन्याच्या जवळ त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथं बहुतेक महार-मांगच होते. तिकडं मिरजेला विल्यम वॉन्लेस नावाच्या डॉक्टरांनी १८९४ साली दवाखाना काढला. तो पुढं इतका वाढला की देशभरातून रोगी येऊ लागले. महारोग्यांना गावानं हाकलून दिलेलं असताना त्यांच्यासाठी वसाहती काढणाऱ्यांत मिशनचे लोक पुढं होते. या सगळ्यामागं त्यांची एक गोष्ट होती. येशूनं महारोग्याला हात लावून बरं केलं. नुसत्या शब्दानंही बरं करता आलं असतं, पण त्यानं हात लावला. ज्या देशात धर्म म्हणजे शिवू नये ती यादी, त्या देशात ही गोष्ट साधी नव्हती. हे आपण मोकळ्या मनानं कबूल करावं. आणि आपल्या तथागतांनीही हगवणीनं घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदासोबत स्वतः धुतलं होतं, हेही ध्यानात ठेवावं. आजाऱ्याला शिवणं ही काही एकाच धर्माची मालकी नाही.

आता दुसरी बाजू सांगतो. ती मी डोळ्यांनी बघितली.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. त्या दिवसांत माझा बाप बाजाराहून पायी येत होता. वाटेत चार जणांनी गाठलं, काठ्या घातल्या. डोकं फुटलं. आधी एका सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसानं जखम बघायच्या आधी आडनाव विचारलं. मग म्हणाला, “पोलीस केस आहे, सकाळी या.” सकाळपर्यंत बाप राहिला असता का, हे त्यानं विचारलं नाही. मग बैलगाडी, मग एक ट्रक, असं करत आम्ही एका मिशनच्या दवाखान्यात पोचलो. कोणत्या, ते सांगत नाही. नावाशी काम नाही.

तिथल्या सिस्टरनं काही विचारलं नाही. कोमट पाणी आणलं. केसांत वाळलेलं रक्त बोटांनी सोडवत सोडवत जखम धुतली. टाके पडले. बाप इतका वेळ कण्हला नव्हता, पण ती केस मोकळे करत होती तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

संध्याकाळी प्रार्थनेची वेळ झाली. एक धर्मोपदेशक वॉर्डात आले. खाटेखाटेपाशी थांबत, रोग्याला हात जोडायला लावत ते बापापाशी आले. बापानं हात वर केला. म्हणाला, “साहेब, माफी असावी. म्या बाबासाहेबाचा मानूस हाय. औषध घीन, पर प्रार्थनेला हात जोडनार नाई.”

उपदेशकांचा चेहरा उतरला. “देवाच्या दयेनंच बरे होताय तुम्ही,” ते म्हणाले.

बाप म्हणाला, “दया कशाची? डोस्कं फोडलं त्याच्यावर खटला पाहिजे, अन् मला टाके पाहिजेत. दया मधी कुठून आली?”

वॉर्ड गप्प झाला. मला वाटलं, आता बाहेर काढतात. तेवढ्यात ती सिस्टर आली. म्हणाली, “मामा, हात नका जोडू. गोळी तेवढी घ्या. गोळी सगळ्यांना सारखीच असती.” आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला तीच आली. तोच हात, तेच कोमट पाणी.

वैद्यकीय नीतीवर मी पुढं जे काही वाचलं, त्यात त्या सिस्टरच्या एका वाक्याएवढं नेमकं फार थोडं सापडलं. ख्रिस्ती लोकांतच याबाबतीत दोन मतं होती. एक मत असं, की दवाखाना म्हणजे सुवार्तेचं दार, रोगी आत आला की देवाचं नाव त्याच्या कानी गेलंच पाहिजे. दुसरं मत असं, की आजारी माणूस अडचणीत असतो, नाही म्हणायची त्याला ताकद नसते, अशा वेळी त्याच्याकडून श्रद्धा मागणं म्हणजे अडलेल्याची अडवणूक. उपचार द्यायचा तो तो माणूस आहे म्हणून. ही दोन्ही मतं त्या एका वॉर्डात, चार खाटांच्या अंतरावर उभी होती. एकाच्या हातात पुस्तक होतं, एकीच्या हातात पट्टी.

बापानं नंतर तिला विचारलं, “बाय, कुनाची तू?” ती म्हणाली, “आजा मांग होता आमचा. हलगी वाजवायचा. मिशनमधी आला अन् वाजवनं सुटलं.” बाप म्हणाला, “अन् हितं डाक्टर कोन?” ती हसली. म्हणाली, “डाक्टर वरचे. झाडनारे, पुसनारे, पट्ट्या बांधनारे आमी.”

बाबासाहेबांनी हेच आधी ओळखलं होतं. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहून ठेवलं आहे. ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. महाराष्ट्र शासनानं काढलेल्या खंडांपैकी पाचव्या खंडात १९८९ साली आलं. मिशननं शाळा आणि दवाखान्यांवर पैसा ओतला, पण त्याचा मोठा फायदा उठवला तो सवर्णांनी. जो गरीब ख्रिस्ती झाला तो होता तिथंच राहिला, असा त्यांचा रोख. मिशनच्या सेवेला त्यांनी नावं ठेवली नाहीत. त्यांनी हिशोब मागितला. सेवा कुणापर्यंत पोचली, आणि जो खाली होता तो उठून उभा राहिला का? आपल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर याच हिशोबानं द्यावं लागेल.

बायबलमधली एक गोष्ट मिशनच्या दवाखान्यांत फार सांगतात. एक माणूस यरुशलेमहून यरीहोकडं चालला होता. लुटारूंनी त्याला मारून अर्धमेला टाकला. एक याजक आला, बघून बाजूनं गेला. एक लेवी आला, तोही गेला. मग एक शोमरोनी आला. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेलं, खर्चाचे पैसे दिले. येशू विचारतो, या तिघांत त्याचा शेजारी कोण?

ही गोष्ट सांगताना मिशनवाले स्वतःला शोमरोनी समजत आले आणि आपल्याला रस्त्यात पडलेला माणूस. आपणही तेच समजत आलो. पण गोष्ट नीट वाचा. शोमरोनी कोण होते? यहुदी ज्यांना बाटगे समजत, ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत, ते लोक. याजक आणि लेवी म्हणजे देवळातले मानाचे लोक. म्हणजे त्या गोष्टीतला बहिष्कृत हा जखमी नाही. बहिष्कृत आहे तो जखम बांधणारा! मग साहेबानं शोमरोन्याची जागा कशी घेतली? ती जागा माझ्या आजीची होती. त्या सिस्टरची होती. येशूनं ज्याला डॉक्टर केलं होतं, त्याला धर्मसंस्थेनं कायमचा पेशंट करून ठेवलं.

ही चूक ओळखणारे ख्रिस्तीही निघाले, आणि ते नगर जिल्ह्यात निघाले. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. आधी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं. तिथं त्यांच्या ध्यानात आलं की तेच रोग घेऊन तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात. हगवण बरी करून पाठवायची, आणि माणूस त्याच गढूळ पाण्यावर परत जातो. रोग पाण्यात आहे, भुकेत आहे, जातीत आहे, आणि आपण औषध पोटाला देतोय. १९७० साली त्यांनी जामखेडला काम सुरू केलं. आधी शिकलेल्या नर्सबाया खेड्यांत ठेवून बघितल्या. ते जमलं नाही. मग गावातल्याच बाया घेतल्या. कित्येकींना अक्षर येत नव्हतं, कित्येक दलित होत्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या, एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. सगळ्या जातींच्या. बाळंतपण, हगवणीला साखर-मिठाचं पाणी, लेकराचं वजन, क्षयरोग, महारोग, सगळं त्या शिकल्या आणि गावात जाऊन करू लागल्या. दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी पाण्याच्या जागा दलित वस्तीत धरायला लावल्या. मग पाण्यासाठी पाटलाच्या घरचं मडकंही वस्तीत यायला लागलं.

परिणाम काय? १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या दर हजार लेकरांत १७६ लेकरं वर्षाच्या आत दगावत होती. १९९० नंतरच्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला. ज्या हातांना विटाळ म्हणत होते, त्याच हातांनी ही लेकरं वाचवली.

त्याच सुमाराला जगातल्या चर्चमध्येही घुसळण चालू होती. जागतिक चर्च परिषदेनं १९६८ साली एक वैद्यकीय आयोग नेमला. मिशनचा पैसा इमारती आणि खाटांत जातो, गरीब मात्र दवाखान्याच्या फाटकाबाहेरच मरतो, हे त्या आयोगानं उघड मांडलं. आरोग्य हा न्यायाचा प्रश्न आहे, असं म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली लोकांच्या हातातल्या आरोग्यावर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडचा वृत्तांत होता. १९७८ साली अल्मा-आटाच्या परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली. माझ्या बापाचं डोकं फुटलं ते हेच वर्ष.

आता प्रश्नाचा आणखी एक पदर, बाईच्या देहाचा. देह देवाचा आहे म्हणणाऱ्या ख्रिस्ती लोकांत इथंही एकमत नाही. इंग्लंडच्या पंथाच्या बिशपांनी १९३० साली संततिनियमनाला मर्यादित मान्यता दिली. रोमच्या पोपनी १९६८ साली कृत्रिम साधनांना साफ नकार दिला. आणि आपल्याकडं १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. त्यात बाळंतपणाच्या कळा सोसणारीच्या बाजूनं प्रश्न मांडला होता. ठराव पडला. मग आणीबाणीत सरकारला एकाएकी जाग आली. १९७६ साली बार्शीत माणसं धरून नेऊन नसबंदी केली. त्याच वर्षी महाराष्ट्रानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करून घेतलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. बघा, गर्भनिरोधाचं साधन तेच. बाबासाहेब ते बाईच्या हातात देत होते. सरकार ते पोलिसाच्या हातात देत होतं. पोप ते कुणाच्याच हातात देत नव्हते. साधन पवित्र का अपवित्र, यावर माझं भांडण नाही. बाईला विचारलं का, हा माझा प्रश्न आहे.

हा जुना इतिहास नाही. माझी चुलत भावजय ऊसतोडीला जायची. नवराबायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, आणि एक दिवस फडावर नाही गेलं की खाडा. पाळीत पोट दुखायचं. एका खासगी दवाखान्यात गेली तर डॉक्टर म्हणाला, “पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल.” वय तिशीच्या आत. कागद इंग्रजीत. अंगठा घेतला. पैसे मुकादमानं दिले, पुढच्या उचलीत वळते केले. आज तिचं अंग भाजल्यासारखं होतं, हाडं ठणकतात, रात्री झोप नाही. अंडाशयंही काढली की बाईला अकाली म्हातारपण येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांत १३ हजारांवर बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. देह देवाचा असो नसो, मुकादमाचा नक्की नव्हता.

आणि शेवटी ‘सेवा’ या शब्दाबद्दल. माझी सून वाटूरमध्ये आशा आहे. २००५ साली सरकारनं आशा योजना काढली, ती जामखेडसारख्या प्रयोगांच्या वाटेनंच. गावातली बाई गावाचं आरोग्य बघणार. फार चांगलं. कोरोनात हीच बाई घरोघर फिरली. पण कागदावर ती स्वयंसेविका. पगार नाही, मोबदला. तोही कामागणिक, तोही रखडत. २०२१ ला आणि २०२३ ला राज्यातल्या आशांना संपावर जावं लागलं. आजीला पदरात वरून जवारी टाकायचे, सुनेला खात्यात वरून मोबदला टाकतात. सेवा हा शब्द मिशननं मोठा केला, त्यात कित्येकांचं आयुष्य गेलं, त्याला माझा जयभीम. पण ज्या हातांना सेवा जन्मानंच लादलेली आहे, त्यांना पुन्हा सेवेचं महत्त्व सांगू नका. त्यांना दाम द्या, शिक्षण द्या, डॉक्टरची खुर्ची द्या. शोमरोन्यानं पैसे दिले ते धर्मशाळेवाल्याला. शोमरोन्याचा खिसा कुणी बघितला?

तर त्या पोराच्या प्रश्नाला माझं उत्तर हे. उपकारही म्हणू नका, गळही म्हणू नका. ज्यांनी शिवलं त्यांची नोंद ठेवा. ज्यांनी हात जोडायला लावले त्यांचीही ठेवा. आणि दवाखाना कुणाचाही असो, सरकारचा, मिशनचा, साखरसम्राटाचा, तीन गोष्टी वाजवून विचारा. माणूस म्हणून घेतलं का? अंगाला सुरी लावण्याआधी समजेल अशा भाषेत विचारलं का? आणि खाली पट्ट्या बांधणाऱ्याला वर चढायची शिडी ठेवली का?

सूनबाईचं म्हणणं आहे की नुसतं बोलून भागणार नाही. पुढच्या अभ्यासवर्गात दवाखान्याचं संमतीपत्रक कसं वाचायचं तेच शिकवायचं, बायांना सोबत घेऊन. कुणाकडं ऑपरेशनचे जुने कागद असतील तर घेऊन या. इंग्रजी वाचणारी दोन-तीन पोरं लागतील. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात, त्याच्या आत हे झालं पाहिजे.

जयभीम.